डाव्या हाताचं वळण

आमच्या घरात माय रागावली आहे की नाही, हे बिडी दाबून कळायचं.

बाबा सकाळी उठले की उशाशी ठेवलेल्या, दोऱ्यानं बांधलेल्या बिड्यांच्या कट्ट्यातून एक बिडी काढायचे. अंगठा आणि दोन बोटांत धरून टोकापासून बुडापर्यंत हलकेच दाबत न्यायचे. मग स्वयंपाकघराकडे बघून ठरवायचे, की चहा मागायचा की आपण होऊन मिळेपर्यंत गप्प बसायचं. बिडी नरम लागली तर मोठ्यानं खाकरायचे. कडक लागली तर चप्पल घालून मुकाट खाली चक्कर मारायला जायचे. कारण त्या बिड्या माय वळायची, आणि रागात असली की तिची बोटं आपोआप आवळायची. तंबाखू आत अशी ठासून बसायची की गाल आत जाईस्तोवर ओढलं तरी धूर यायचा नाही. तोंडानं ती एक शब्द बोलायची नाही. मला वाटतं, तिला बोलायची गरजच नव्हती.

कडक बिडीवर बाबांचा एक ठरलेला इलाज होता. ती दोन्ही तळव्यांत धरायची आणि अगदी सावकाश फिरवत राहायचं, आतली तंबाखू मोकळी होईपर्यंत. फिरवताना ते पुटपुटायचे, "सोड ना आता. झालं ना. सोड." बिडीला सांगताहेत की मायला, हे कुणी विचारायचं नाही. माय पाठमोरी पोळ्या लाटत असायची. कधीकधी तिच्या पाठीवरून कळायचं की ती हसते आहे, आणि कधीकधी लाटण्याच्या आवाजावरून कळायचं की अजून वेळ आहे.

ही भाषा त्यांना लांब राहून आली होती. आमचं गाव भंडाऱ्याच्या बाजूचं, तेंदूपानाच्या जंगलांचं. तिथल्या बायका घरोघरी मांडीवर सूप घेऊन कारखान्याच्या बिड्या वळतात. लग्नानंतर वर्षभरातच बाबा सुरतेला कापडाच्या लूमवर कामाला आले, आणि जवळच्या कडोदऱ्याच्या एका खोलीत गावच्याच बाप्यांबरोबर राहू लागले. माय तिकडे, बाबा इकडे. मी शाळेत जाऊ लागेपर्यंत हे असंच चाललं. मायला लिहिता येत नव्हतं, आणि बाबांना आलं असतं तरी त्यांनी काय लिहिलं असतं कोण जाणे. पण गावाहून कुणीही सुरतेला निघालं की माय त्याच्याबरोबर बिड्यांचा एक कट्टा पाठवायची. कारखान्याच्या माणसानं नापास करून परत टाकलेल्या बिड्या, म्हणजे छाट, सगळ्याच बायका घरच्या माणसांसाठी ठेवत. माय छाट पाठवत नसे. बाबांसाठी ती वेगळी पानं कापायची, वेगळ्या बिड्या वळायची.

बाबा त्या कट्ट्यातून सगळं समजून घ्यायचे. नरम म्हणजे बरं चाललंय. कडक म्हणजे सासूनं काहीतरी म्हटलंय, किंवा बाबांनी दिवाळीला यायचं कबूल करून येणं टाळलंय. तिसराही एक प्रकार होता, सैल. सैल बिडी म्हणजे हातात जोर नाही. एकदा असा सैल कट्टा आला. दोन झुरक्यांत बिडी जळून जायची आणि बोटांना चटका बसायचा. खोलीतले बाकीचे हसले, म्हणाले, वहिनीचं लक्ष नाही. बाबांनी मालकाला न सांगता उधन्याहून गाडी पकडली. गावी पोचले तेव्हा माय तापानं फणफणली होती आणि घरच्यांना वाटत होतं की आळस करते आहे. बाबांनी तिला बैलगाडीत घालून सरकारी दवाखान्यात नेलं. ही गोष्ट माय मला दर उन्हाळ्यात सांगायची, आणि सांगून झाली की बाबांकडे न बघता म्हणायची, "बाकी काही समजत नाही याले. पण बिडी समजते."

अजून एक सांगायचं राहिलं. माय डावरी होती. सगळं डाव्या हातानं. त्यामुळे तिच्या बिडीचं पान उलट्या बाजूनं वळलेलं असायचं, दोराही उलटा. शंभर बिड्यांच्या ढिगात तिची एक टाका, बाबा डोळे मिटून बोटांनी काढून द्यायचे. कडोदऱ्याच्या त्या खोलीत सगळ्यांच्या बिड्या चोरीला जायच्या, बाबांच्या कधी गेल्या नाहीत. ओढणाऱ्याच्या तोंडातच चोरी पकडली गेली असती.

पुढे मायला आणि मला बाबांनी सुरतेला आणलं. कारखान्याचं काम सुटलं, पण दर उन्हाळ्यात गावाहून पानांचं एक पुडकं यायचं. माय ती पानं ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची आणि दुपारी आपली जुनी कैची काढून बसायची. आता फक्त एकाच गिऱ्हाइकासाठी. डॉक्टर बाबांना बिडी सोडा म्हणून सांगून थकले. मीही ओरडून थकले. मी लग्नानंतरही याच भागात राहिले, आणि एकुलती एक असल्यामुळे शेवटी ते दोघे माझ्याच घरी आले. घरभर तंबाखूचा वास. माझा नवरा रंगाच्या मिलमध्ये काम करतो, त्याला कसलाच वास येत नाही, म्हणून निभावलं. मला मात्र तो वास इतका सवयीचा होता की तो वास आहे हेच कळत नव्हतं. मायच्या पदराला, तिच्या उशीला, तिनं मळलेल्या कणकेला सुद्धा. तो गेल्यावर कळलं.

गेल्या वर्षी थंडीत, सकाळी उठताना माय गेली. कुणाला हाक मारण्याइतकाही वेळ तिनं घेतला नाही.

बाबांनी त्या दिवसापासून बिडी ओढली नाही. भेटायला आलेले लोक कौतुक करायचे. शेजारच्या काकी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सारुं थयुं बेन, बीडी तो छूटी गई." मी मान हलवली, पण मला धडकी भरली होती. कारण बिडीबरोबर बाबांचं मायबद्दल बोलणंही सुटलं. एक शब्द नाही. तिचं नाव नाही, तिची आठवण नाही, तिला शिव्यासुद्धा नाहीत. जेवताना मी मुद्दाम म्हणायची, माय असती तर या भाजीला नावं ठेवली असती. बाबा ताटातून मान वर काढायचे नाहीत. गावाकडचे लोक फोनवर तिच्या गोष्टी काढायचे, तर बाबा फोन माझ्या हातात देऊन गॅलरीत जायचे.

मला माय हवी होती. सरळ सांगते, तिच्यावाचून मला करमत नव्हतं. आणि मी जन्माला यायच्या आधीची माय, तरुण माय, तापानं फणफणलेली, बैलगाडीतली माय, ती फक्त बाबांकडे होती. ती त्यांनी आत कोंडून घेतली होती आणि मी बाहेर उभी होते. कधीकधी मला त्यांचा इतका राग यायचा की ताट आपटावंसं वाटायचं. मग त्यांचे हात बघायची. मोकळे हात, काही धरायला नसलेले, सारखे गुडघे चोळणारे. राग तिथंच विरायचा.

मायनं वळलेला शेवटचा कट्टा घरात होता. ती गेली त्याच्या आदल्या दुपारी वळून, बांधून, सुपात ठेवलेला. बाबांनी तो उचलून बिस्किटाच्या डब्यात घातला आणि डबा कपाटावर ठेवला. मी एकदा झाडताना उघडून पाहिला. एकही बिडी काढलेली नव्हती, दोरासुद्धा तसाच होता.

या दिवाळीत माझा मुलगा दुबईहून आला. तो तिथं एका हॉटेलात कामाला आहे. येताना आजोबांसाठी, म्हणजे त्याच्या नानांसाठी, एक सिगार घेऊन आला, काचेच्या नळीत घातलेली, काळपट चॉकलेटी पानाची, अंगठ्याहून जाड. म्हणाला, "नाना, हे आमच्या इथं मोठे साहेब लोक पितात. तुमच्या बिडीचा बाप."

बाबांनी नळी हातात घेतली, उजेडात धरली आणि परत दिली. "ठेव," एवढंच म्हणाले.

मुलगा सुटी संपवून गेला. जाताना बजावून गेला की ही गोष्ट सुकता कामा नये, थंड आणि दमट जागी ठेव. म्हणून मी ती फ्रिजच्या दारात कढीपत्त्याशेजारी उभी करून ठेवली. नवरा म्हणाला, फोडणीत घालू नकोस म्हणजे झालं.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी आलेला तो रविवार. कापडाच्या कारखान्यांना सुटी होती. नवरा बारडोलीला भावाकडे गेला होता. चलथाणच्या बाजूनं वारा येत होता. साखर कारखाना सुरू झाला होता आणि आमच्या सगळ्या भागात मळीचा तो गोड, करपट वास भरून राहिला होता. बाबा गॅलरीत खुर्चीवर, मी पायरीवर मेथी निवडत. कढीपत्ता काढायला उठले तेव्हा ती नळी हाताला लागली. का कोण जाणे, मी ती उघडून सिगार बाहेर काढली.

माझं काम कापड तपासायचं. काचेच्या टेबलाखाली दिवा, वरून कापड सरकत जातं, आणि तुटलेला धागा, गाठ, डाग दिसला की मी चिकटपट्टी लावते. इतकी वर्षं तेच केल्यामुळे वस्तू हातात आली की मी आधी तिच्यात चूक शोधते, घरात सगळे त्याला वैतागलेले आहेत. तशीच ती सिगारही मी फिरवून बघायला लागले. पानाची शिवण कुठे आहे ते दिसेना. एक शीर लांबवर तिरकी गेली होती, पण फुगलेली नव्हती. पान तेल लावल्यासारखं चकाकत होतं. मग मी ती दाबली.

"अशी नोको दाबू," बाबा म्हणाले. "थे काय पपई आहे का?"

मी वळून बघितलं. ते खुर्चीत पुढे झुकले होते. हात पुढे केला होता.

"आन इकडे."

मी सिगार त्यांच्या हातात दिली आणि मेथीपाशी येऊन बसले. बघत नसल्यासारखं दाखवत होते, पण माझं सगळं लक्ष त्यांच्या बोटांकडे होतं. बाबांनी ती तळहातावर ठेवून जोखली. मग अंगठा आणि दोन बोटं. टोकापासून बुडापर्यंत, सावकाश, जिथं थांबायचं तिथं थांबून. त्या बोटांना ते करताना मी वर्षभर पाहिलं नव्हतं.

"मधी पोकळ नाही कुठं," ते म्हणाले. "बुडाशी जराशी दाटली. तेवढं चालते."

मग नाकाशी आडवी धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत वास घेतला. "मोहाची फुलं वाळवून मडक्यात ठेवते ना, तसा." पुन्हा घेतला. "अन् शेणकुटाच्या खोलीचा." हे बहुतेक कौतुक होतं.

मग पान बघायला लागले. चष्मा कपाळावर चढवून, सिगार डोळ्यांजवळ नेऊन गोल फिरवली. एकदा. पुन्हा उलटी फिरवली. हात थांबला.

"काय झालं बाबा?"

"डावरी आहे," बाबा म्हणाले.

"कोण?"

"जिनं केली थे. हे पाह्य." त्यांनी नखानं पानाची तिरकी कड दाखवली. ती खालून वर, उलट्या बाजूनं चढत गेली होती. "उजव्या हाताची बाई असं वळूच शकत नाही. डावरीच आहे. तुह्या मायवानी."

वर्षभरात पहिल्यांदा. मेथीची जुडी माझ्या मांडीवर तशीच राहिली. मला काही बोलायचं होतं, पण भीती वाटली की मी बोलले तर ते परत मिटतील.

"कैची आन," ते म्हणाले. "तिची."

मायची कैची मी घरात कुणाला कशाला वापरू देत नाही. दुधाची पिशवीसुद्धा कापू देत नाही. ती आणायला आत गेले तेव्हा वाटलं, पेटवायची कशी ते तरी मुलाला विचारावं. त्याला व्हिडिओ कॉल लावला. तो ड्यूटीवर जायच्या गडबडीत होता, पण नाना सिगार पिणार म्हणताच खूश झाला. मी हळूच सांगितलं, नाना म्हणतात ही डावऱ्या बाईनं वळलेली आहे.

तो हसला. "अरे नाही मम्मी. आमच्या इथं सिगारवाले अंकल आहेत ना, त्यांनी शिकवलंय मला. पान मधल्या शिरेवर कापतात, दोन अर्धे. डावा अर्धा एकीकडे वळतो, उजवा दुसरीकडे. हाताचा काय संबंध नाही. कोणी पण बनवलेली असू शकते, मिशीवाल्या माणसानं पण."

मी स्वयंपाकघराच्या दाराआड सरकले. "नानांना हे सांगायचं नाही."

"पण मम्मी, गलत है ना."

"गलत असू दे. तुला सांगितलं ना, सांगायचं नाही."

एवढी वर्षं दुसऱ्यांच्या चुकांवर चिकटपट्ट्या लावत आले. ही एक मी डोळ्यांदेखत जाऊ दिली. मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.

फोन बाबांसमोर धरला. नातवानं सांगितलं की सिगारचं बंद तोंड, म्हणजे टोपी, तिचं टोक थोडंसंच कापायचं, आणि धूर आत घ्यायचा नाही, नुसता तोंडात ठेवून सोडायचा. बाबांनी ऐकून घेतलं. "आत घ्यायचा नाही तर काय त्याची पूजा करायची?" म्हणाले. मायच्या कैचीनं टोक बरोबर कापलं, न पेटवता एकदा ओढून बघितली, मान हलवली, काडी ओढली, आणि पेटल्याबरोबर बिडीसारखा भरपूर झुरका छातीत घेतला. मग जो ठसका लागला! डोळ्यांतून पाणी, चेहरा लाल, मी पाठीवर थापट्या मारते आहे आणि फोनमधून नातू ओरडतो आहे, "नाना, अंदर नई लेना, अंदर नई लेना!" ठसका थांबल्यावर बाबा फोनला म्हणाले, "ठेव तू. कामाले जाय." मीच फोन बंद केला.

त्यानंतर मात्र त्यांनी ती शहाण्यासारखी ओढली. धूर तोंडात फिरवून सोडायचे आणि काहीतरी सांगायचे. आधी म्हणाले, करपलेला गूळ. चलथाणच्या त्या वाऱ्यात मलाही तेच वाटत होतं, धूर कुठला आणि मळी कुठली कळत नव्हतं. मग म्हणाले, फुटाण्याची सालं. मग मिरं, जिभेच्या शेंड्यावर. आग गोल, सारखी खाली येत होती, एका बाजूनं पळत नव्हती. राख बोटभर झाली तरी पडेना. बाबांनी ती माझ्याकडे वळवून दाखवली. "घाई नाही केली तिनं. घाईत भरली असती तं राख कधीच पडली असती."

"मग चांगली आहे?"

"हात चांगला आहे." त्यांनी पुन्हा एक झुरका घेतला. "पन कोनासाठी केली थे समजत नाही. राग नाही, खुशी नाही. अशा दिवसभर करत असंल बिचारी, सगळ्या सारख्या. पिनाऱ्याचं तोंड पाह्यलं नसंल तिनं."

अर्ध्यावर आली तेव्हा त्यांनी सिगार वाटीच्या कडेवर ठेवली. ती आपोआप विझत गेली. बाबा खाली रस्त्याकडे बघत बोलायला लागले, आणि मी मेथीची पानं उगाच पुन्हापुन्हा निवडत राहिले.

"तुही माय गेली त्याच्या आदल्या दिवशी तू कामाले गेली होती. थे म्हने, गावाले जाऊ." आमच्याकडे बाईमाणसालाही 'थे' म्हणतात. माय म्हणाली होती, असं ते सांगत होते. "म्हने, मोह फुलाची येळ येते आता, दोन महिने राहू, घर झाडू. मी म्हनलो, काहून? काय ठेवलं तिथं? इथं काय कमी आहे तुले? लय बोललो. जोरात बोललो. थे काही नाही बोलली. सूप घेऊन बसली."

"आणि तो कट्टा वळला," मी म्हणाले.

"हाव."

"म्हणून तुम्ही ओढत नाही? कडक असेल म्हणून? रागात गेली म्हणून?"

बाबांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी लहान असताना काहीतरी खुळ्यासारखं विचारल्यावर बघायचे.

"रागाचं काय भ्या आहे? जलमभर राग पाह्यला तिचा." त्यांचा आवाज खाली गेला. "सैल असंल तं? मले समजलं नाही अन् तिले बरं नसंल तं? जीव घाबरत असंल म्हनून गावाले चाल म्हनत असंल, अन् मी बोलून राह्यलो तिले. पोरी, एक खेप मी कट्टा पाहून उठून गेलो होतो. या खेपेले दोन हातांवर बसली होती थे, अन् मी बिडी हाती नाही घेतली. रुसलो होतो मी."

वर्षभर मी त्यांना दगड समजत होते. आणि ते वर्षभर कपाटावरच्या त्या डब्याखाली झोपत होते.

"डबा काढ," ते म्हणाले. "तू पाह्य. माह्याच्यानं नाही होत."

मी स्टूल ठेवून डबा काढला. दोरा सोडला. वरचीच एक बिडी उचलली. उलटं वळण, उलटा दोरा. पान सुकून गडद झालं होतं. नाकाशी नेली नाही, धीर झाला नाही. एक गोष्ट मनाशी ठरवूनच टाकली होती, की हाताला काहीही लागलं तरी म्हणायचं, नरम आहे. नरम म्हणजे सगळं ठीक, भांडण मिटलं. बाबा माझ्या बोटांकडे बघत नव्हते, तोंडाकडे बघत होते.

अंगठा आणि दोन बोटं. टोकापासून बुडापर्यंत.

वर्षभरात पान आकसतं, तंबाखू सुकते, चांगली वळलेली बिडीसुद्धा ढिली पडते. ही पडली नव्हती. खिळ्यासारखी होती. मी दुसरी दाबली, तिसरी दाबली. सगळ्या तशाच. त्या दुपारी माझी माय अंगात होता नव्हता तो सगळा जोर लावून रागावली होती, आणि तिच्या बोटांत काही कमी नव्हतं.

"कडक आहे बाबा," मी म्हणाले. मला रडू फुटलं. "खूप कडक आहे."

"दे."

त्यांनी बिडी घेतली. दाबली. पुन्हा दाबली. आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कसं सांगू. ते हसत होते, आणि हसता हसता गाल भिजत होते. "काय जोर आहे पाह्य," म्हणाले, "काय जोर आहे हिच्या हातात!" जसं आतून आत्ता कुणी लाटणं आपटलं असावं.

मग त्यांनी बिडी दोन्ही तळव्यांत धरली आणि फिरवायला सुरुवात केली. अगदी सावकाश, सुकलेलं पान तडकू नये म्हणून तळहातावर फुंकर घालत, वाफेनं ओलवत.

"सोड ना आता," बाबा बिडीला म्हणाले. "चुकलो ना. जाऊ म्हनतो ना गावाले."

मी मेथी आणि सिगारची वाटी उचलून आत आले. गॅस पेटवला नाही, नुसती ओट्यापाशी उभी राहिले. बाहेरून बराच वेळ त्यांचं पुटपुटणं ऐकू येत होतं. मग काडी ओढल्याचा आवाज आला, एकदा, आणि थोड्या वेळानं पुन्हा. मग माझ्या स्वयंपाकघरात मायचा वास आला.